अण्णांची काळी सहाण

अण्णा गेल्याचं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, शेजारच्या पोरीकरवी कळवलं. मी धावत पोचले, तोवर त्यांना घेऊन गेले होते. कामाच्या खोलीत खिडकीशी त्यांची काळी सहाण पालथी घातलेली होती... धुऊन, स्वच्छ.

अण्णा सोलापुरातल्या चादरींच्या कारखान्यांना नक्षी काढून देत. तरुणपणी ते कलकत्त्याला एका चिनी चित्रकाराकडे राहिले होते. ही सहाण, शाईच्या कांड्या, बांबूच्या दांड्याच्या कुंचल्या तिकडून आणलेल्या. चंदन उगाळावं तशी पाण्यात कांडी उगाळायची, त्या शाईनं रेघ ओढायची, वाळली की वरून रंगाचं पाणी फिरवायचं. माझं घर पार भंडाऱ्याकडं. शाळा सातवीतच सुटलेली, बहिणीच्या आसऱ्यानं इथं आलेली, कुणी कामाला ठेवेना. कुंचली उभी कशी धरायची ते अण्णांनी शिकवलं. ती कागदाला टेकवायलाच मी घाबरायचे. "भिऊ नको पोरी, हितं कुणी मार्क देत न्हाई," म्हणाले. त्या एका वाक्यावर माझी सोलापुरातली वर्षं निघाली.

कांडी लांबून येते, उरलेली शाई टाकू नको, झाकून ठेव आणि सकाळी वापर, हेही त्यांनीच सांगितलेलं. त्यांची स्वतःची शाई मी यायच्या आधीच उगाळून तयार असे. त्यांची रेघ जागची हलत नसे. माझी मात्र पाणी लागलं की फुटायची, कडेनं काळं पसरायचं. एका कारखान्यानं नक्षीच्या कामासाठी हात बघायला बोलावलं. मी माझी शाई घेऊन गेले, आणि मालकांसमोरच मी काढलेलं कमळ फुटलं. परत आले तर अण्णांनी चहा मागवला. "हात बसला न्हाई अजून. ऱ्हा की हितंच, मी हाय न्हवं?" मी त्यांच्या पाया पडले.

तेरावा झाल्यावर फोटोखाली त्यांचं नाव लिहायला मी माझ्या कालच्या शाईवरचं झाकण काढलं. काकूंनी हात धरला. "शिळी कशाला गं? त्यांनी जन्मात शिळी वापरली न्हाई. तू गेलीस की आपली उरलेली मोरीत ओतायचे. शिळ्या शाईची रेघ फुटती म्हनायचे. तुला बोलले न्हाईत व्हय?"

"बोलले होते," मी म्हणाले. "मीच विसरले."

मग नवी शाई उगाळली, नाव लिहिलं, वाळल्यावर वरून पिवळ्या रंगाचं पाणी फिरवलं. अक्षर हललं नाही... इतकी वर्षं मी माझ्या हाताला बोल लावत होते.

सहाण काकूंनी मलाच दिली. आता माझ्या खोलीत असते. संध्याकाळी काम संपलं की उरलेल्या शाईवर हात आपसूक झाकण ठेवतो. थोडा वेळ मी ते तसंच राहू देते. मग उचलते, आणि शाई मोरीत ओतते.