मोड आलेला सूर्य

साखर आटोक्यात आणण्यासाठी डॉक्टरांनी मला मोड आलेल्या मेथ्यांची शिक्षा सुनावली, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीला एक ओलं फडकं कायम लोंबकळत असतं. सकाळी त्याची गाठ सोडली की पिवळट दाण्यांना फुटलेल्या पांढऱ्या शेपट्या एकमेकींत गुंतून बसलेल्या दिसतात आणि एक दमट, कडवट, किंचित मातकट वास घरभर हिंडू लागतो. घरच्यांना त्या वासाने माझ्या दुखण्याची आठवण होते. मला मात्र सुडाची होते. आता मेथी आणि सूड यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही म्हणालच, कारण तुमच्यापुढे अख्ख्या वर्गाने कधी सूर्यनमस्कार घातलेले नाहीत.

माझ्यापुढे घातले आहेत. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी नाशिकच्या एका शाळेत इंग्रजी पाचवीत होतो. शास्त्र शिकवणारे आमचे मास्तर उंच, सडसडीत, बंद गळ्याच्या कोटाचं वरचं बटण वैशाखातही न सोडणारे. त्यांनी कधी कुणावर छडी उगारली नाही. त्यांना तिची गरजच नव्हती. देवाने त्यांना जीभ दिली होती. एके दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, "सूर्य कशाने जळतो?" आणि बोट नेमकं माझ्याकडे केलं. माझ्या शेजारी माझा जिवलग मित्र बसत असे. त्याच्या वडिलांनी सिन्नरहून येऊन नाशकात लाकडाची आणि कोळशाची वखार घातली होती. संकटकाळी मित्राने साथ द्यावी, तशी त्याने दिली. ओठ न हलवता तो म्हणाला, "कोळसा." तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या घरी सगळं कोळशावरच जळत असे. मीही छाती काढून सांगून टाकलं, "कोळशाने, सर."

"वा!" मास्तर म्हणाले. "आणि तो तिथवर पोचवतं कोण? आगगाडी की बैलगाडी?" वर्ग खदखदला. "नाही, विचारतो एवढ्याचसाठी की पावसाळ्यात रस्ता बंद असला म्हणजे पंचाईत व्हायची. या, सूर्यनारायण, खाली का बसलात? बाकावर विराजमान व्हा." मी बाकावर उभा राहिलो. त्यांनी मला दोन्ही हात फाकवायला लावले, बाक भिंतीकडे सरकवले आणि साऱ्या वर्गाला माझ्यासमोर नमस्कार घालायला लावले. पोरांनी काय भक्तिभावाने घातले म्हणता! माझा मित्रसुद्धा घालत होता. दर वेळी वर येताना तो माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने बघे आणि पुन्हा खाली जाई. त्या दिवसापासून गावात माझं नाव सूर्यनारायण झालं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहायला गेलं की पाण्यातून हाका येत, "आले, आले, ऊन पडलं!" भाजीबाजारातली एक म्हातारी तर मला बघितलं की अळूच्या जुडीवर गोणपाट ओढून घेई, "सुकंल रे बाबा माझी भाजी!"

मी सूड घ्यायचं ठरवलं. आता सूड म्हणजे काय घ्यायचं, हे ठरायला जरा वेळ गेला. त्यांच्या खुर्चीला खाजकुयली लावायचा बेत खाजकुयली आधी मलाच लागल्यामुळे रहित झाला. छत्री पळवावी, तर ती त्यांच्यासारखीच अंग चोरून त्यांच्या काखेत असायची. मग मला वाटलं, ज्या सूर्यावरून यांनी मला जाळलं, त्या सूर्यातच यांना कुठेतरी पकडावं. म्हणून मी वाचनालयात जाऊन बसू लागलो. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. माझं इंग्रजी त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यापाशीच संपत असे. पण द्वेषाने माणूस काय करत नाही? शब्दकोश मांडीवर घेऊन, दातओठ खात मी एकेक थर उकलत गेलो. सूर्याचा दिसतो तो झगझगीत पृष्ठभाग, त्याच्यावरचे काळे डाग, त्याच्या वर तांबूस रंगावरण, त्यातून उसळणाऱ्या ज्वाला आणि सगळ्यांत बाहेर खग्रास ग्रहणातच दिसणारं मोत्याच्या रंगाचं प्रभामंडल. प्रत्येक थराशी मी मास्तरांना मनातल्या मनात एकदा उभं करून भाजून काढत होतो. आणि एका दुपारी ते वाक्य सापडलं. सूर्याच्या गाभ्यातली ही उष्णता नेमकी कशातून उत्पन्न होते, हे अद्याप निश्चित कळलेलं नाही.

मी ते तीनदा वाचलं. मग धावत वखारीवर गेलो. मित्र कोळशाच्या ढिगावर बसून पेरू खात होता.

"म्हंजे?" तो म्हणाला. "सायबालाच ठावं नाय?"

"कुणालाच नाही. जगात कुणालाच नाही."

"मग आपल्या मास्तरलाबी नाय?"

"नाहीच!"

त्याने पेरू खाली ठेवला. हे त्याने पूर्वी कधी केल्याचं मला आठवत नाही. "आयला," तो म्हणाला, "मग तुझ्यासंगं त्यांनीबी बाकावर उभं ऱ्हायला पायजे हुतं. गड्या, ह्ये चारचौघांत म्हणवून घ्यायचं त्यांच्याकडनं. 'मला ठाऊक नाही.' येवढंच. लय मजा यील."

रथसप्तमीला शाळेत सूर्यपूजन असे. गंगापूर रस्त्याला, जिथे तेव्हा सगळ्या बागाच होत्या, एक निवृत्त रावसाहेब राहत आणि दुर्बिणीतून आकाश बघत. त्यांना त्या वर्षी पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मी मास्तरांकडे गेलो आणि अत्यंत नम्रपणे म्हणालो, "सर, मी कागदाचा सूर्य करून आणू का? मधोमध कापलेला, आतली रचना दाखवणारा?" त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण शिकण्याची इच्छा हा असा सोवळा बुरखा आहे की त्यावर मास्तर लोकांना हात घालता येत नाही. त्यांनी परवानगी दिली. सगळे थर दाखवायचे, गाभ्याची जागा कोरी ठेवायची आणि अखेरीस रावसाहेबांसमोर शंका विचारायची, असा माझा डाव होता. रात्री अंथरुणात मी मास्तरांचा पडलेला चेहरा इतक्या वेळा बघितला होता की प्रत्यक्षात तो बघणं ही निव्वळ औपचारिकता उरली होती.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करण्यात आमची आत्या वाकबगार. रद्दी भिजवायची, कुटायची, तिच्यात वाटलेल्या मेथ्या घालायच्या म्हणजे लगद्याला चिकटपणा येतो आणि पुढे कसर लागत नाही; मग तो लगदा पालथ्या भांड्यावर थापत जायचं. मी डेऱ्याच्या बुडावर अर्धा सूर्य थापला. तोंडाला पुठ्ठ्याची चकती बसवून तिच्यावर आतले थर रंगवले, मध्ये गाभ्याचा वर्तुळाकार कोरा ठेवला. येवल्याचे पतंग संक्रांतीत फाटून घरी पडले होते, त्यांच्या कागदाच्या झिरमिळ्या करून प्रभामंडल केलं. पण पाठीमागून, म्हणजे प्रेक्षकांना जो पूर्ण सूर्य दिसायचा त्या बाजूने, एक जाड लेप आणखी हवा होता आणि दिवस थोडे उरले होते.

"मेथ्या गंधासारख्या वाटायच्या, ऐकलंस?" आत्या म्हणाली.

"हो गं."

"हो गं काय? वाटल्यास, की पाट्याला नुसतं दर्शन घडवून आणलंस?"

मी दर्शनच घडवलं होतं. सुडाने पेटलेल्या माणसाला पाट्यासमोर बसून वरवंटा ओढायला कुठली सवड? भिजलेल्या मेथ्या जशाच्या तशा लगद्यात कालवल्या आणि थापल्या. वर गेरू आणि पिवडी फासली. नाशिकची ती कोरडी थंडी. लेप भराभर वाळून तडकेल या भीतीने सूर्याला मी पडवीच्या कोपऱ्यात, उन्हापासून जपून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. उन्हाचा सूर्याला त्रास होऊ नये म्हणून इतकी काळजी घेणारा मनुष्य माझ्याआधी झाला नसावा.

रथसप्तमीला वखारीच्या हातगाडीवरून, गोणपाटासकट, सूर्य शाळेत आला. सभागृह भरलं होतं. रावसाहेब पहिल्या रांगेत, मास्तर त्यांच्या शेजारी. मी गोणपाट ओढलं. सूर्याच्या साऱ्या अंगाला मोड आले होते. रंग फोडून, भेगा पाडून, शेकडो पिवळट, नाजूक, वाकड्या मानेचे कोंब वर उभे होते. काहींच्या डोक्यावर अजून दाण्याची टोपी होती. मग जे काही हास्य उसळलं, त्यापुढे वर्गातलं हसणं म्हणजे भजन होतं. पण रावसाहेबांची नजर अधू. ते उठून जवळ आले, चष्मा वर करून वाकले.

"या ज्वाला का?"

"हो... ज्वालाच, साहेब."

"फार बारकाईने केल्यात हो!" असं म्हणून त्यांनी एका ज्वालेला हात लावला, तर ती मुळासकट हातात आली. त्यांनी ती हुंगली. मग माझ्याकडे बघितलं. मग तोंडात टाकली. "कडू आहे," ते मास्तरांना म्हणाले.

कुणीही शहाणा माणूस इथे खाली बसला असता. पण मी इतके दिवस ज्या वाक्यावर जगलो होतो, ते गिळणं मला शक्य नव्हतं. ज्वाला हलत होत्या, पोरं हसत होती, आणि मी सूर्य फिरवून थरामागून थर सांगत सुटलो. एकही चुकलो नाही. हळूहळू हसणं थांबलं. शेवटी कोऱ्या वर्तुळावर बोट ठेवून मी मास्तरांकडे वळलो. मागच्या रांगेतून मित्राचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "सर, एक शंका आहे. या गाभ्यात नेमकं काय जळतं?"

मास्तरांनी कोऱ्या वर्तुळाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ते कळल्याचं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. हाच तो क्षण. आता म्हणतील, आता म्हणतीलच. ते सावकाश उठले आणि रावसाहेबांना म्हणाले, "पाहिलंत? हा प्रश्न मीच या मुलाच्या डोक्यात पेरला होता. आज उगवला." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उत्तर तूच शोधून आण. मी वाट बघतो." रावसाहेबांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. त्यांचा!

परतताना हातगाडी ढकलत मित्र म्हणाला, "गड्या, मास्तर लय बेरकी हाय." मला रडू फुटेल असं वाटत होतं.

पुढे मॅट्रिक होऊन मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि शास्त्र घेतलं. लोकांना वाटलं मला आवड आहे. त्या दशकाच्या अगदी अखेरीस, युद्ध तोंडावर आलेलं असताना, आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं की सूर्याच्या गाभ्याचं कोडं आता सुटलं आहे. इतर मुलं टिपणं घेत होती. मी सुट्टीचे दिवस मोजत होतो.

मास्तर निवृत्त झाले होते. पंचवटीत एका माडीवर एकटेच राहत. मी गेलो तेव्हा सुपात तांदूळ निवडत बसले होते. कोटाचं वरचं बटण तेव्हाही लावलेलं. मी म्हणालो, "सर, उत्तर आणलंय."

"कशाचं?" त्यांनी मान वर केली. "कोण आपण?"

मी नाव सांगितलं. बाक सांगितला, नमस्कार सांगितले, मोड आलेला सूर्य सांगितला. त्यांनी खूप प्रयत्न केला. मला तो दिसत होता. "असेल," ते शेवटी म्हणाले. "मुलं फार झाली रे. बस. उत्तर काय ते सांग."

इतक्या वर्षांचं जहर घेऊन मी आलो होतो आणि ज्याच्यावर ओतायचं, तो माणूस त्या प्रसंगाला हजरच नव्हता. मी बसलो. त्यांच्याच सुपातले चार दाणे उचलून सांगू लागलो की हायड्रोजनचे चार अणू मिळून हेलियमचा एक होतो, होताना वजनात किंचित घट येते, आणि ती घटच ऊन होऊन आपल्या अंगणात पडते. ते पुढे सरकले. "चारही एकमेकांना ढकलणार ना? मग एकत्र येतातच कसे?" मी सांगितलं. "आणि हे आत चाललंय, ते बाहेर यायला किती काळ?" तेही सांगितलं, थोडं अंदाजाने. तसे ते मला विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. घाटावरची आरती सुरू झाली तरी दोघांच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि हे सरपण संपल्यावर काय होईल?"

"ठाऊक नाही, सर," मी म्हणालो.

म्हणून गेलो आणि मग ऐकलं. जे वाक्य त्यांच्या तोंडून काढायला मी त्या रथसप्तमीला धडपडलो होतो, ते त्यांनी माझ्याच तोंडून काढून घेतलं होतं. आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली. "बरं. ते चार दाणे सुपात टाक. सांडू नकोस."

सरपण संपल्यावर काय होतं ते आता शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. मला ते तोंडपाठ आहे. सांगायला जावं, तर ती माडी पडून तिथे धर्मशाळेची भिंत आली आहे आणि मास्तरांना जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. माझ्या मुलांना वाटतं की त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, मी त्यांचं ऋण मानावं. मी मानत नाही. ज्यांनी मला नमस्कार घातले, त्यांतले बहुतेक गेले. सूर्यनारायण म्हणणारं आता गावात कुणी उरलेलं नाही. मास्तरांवरचा राग मात्र अजून आहे, पूर्वीसारखा रखरखीत नाही, संध्याकाळी दगडी पायरीवर हात ठेवावा आणि ती कोमट लागावी, तसा. इतकी वर्षं तो कशावर तग धरून आहे, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ठाऊक नाही.