शेवटच्या प्रकरणातली हाक

दिनानाथ मास्तर बदलापूरच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मे महिन्याच्या सुटीत कादंबरी लिहायचे. बाकीचं वर्ष वह्या तपासण्यात जाई. त्यांची आणि माझ्या भाच्याची खोली शेजारी, पडवी एकच. नाटक कंपनी मोडल्यावर मी भाच्याकडे येऊन राहिलो होतो. उभी हयात स्त्रीपार्टात, नऊवारी नेसून रडण्यात गेलेली, त्यामुळे दुःखी माणसाची संगत मला जड जात नाही. पण मास्तर रडत नसत. ते वाचत.

त्रेपन्न सालची सुटी त्यांच्या मानगुटीवर बसली होती. कल्याणचे प्रकाशक विष्णुपंत यांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती, आणि आता निक्षून सांगितलं होतं, "शाळा उघडायच्या आत कादंबरी हातात द्या मास्तर. नाहीतर मी गणिताचं गाईड छापतो. गणिताला निदान उत्तर तरी असतं."

कादंबरी सगळी झाली होती, एक हाक सोडून. एका जोडप्याची एकुलती मुलगी जाते, नवराबायको एकाच घरात परके होतात आणि शेवटी बायको नवऱ्याला हाक मारते, असं कथानक. ती हाक काय असावी, हेच मास्तरांना सुचत नव्हतं.

हे कथानक कुठून आलं, ते आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आधी 'अहो', आणि मूल झालं की 'अमक्याचे बाबा'. कुंदाबाई मास्तरांना 'उमाचे बाबा' म्हणायच्या. गोड, जरा ओढून. उमा सहाव्या वर्षी विषमज्वराने गेली. त्यानंतर कुंदाबाईंनी मास्तरांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही. 'अहो'वर परत जाणं त्यांना जमलं नसावं. जेवणाचं पान वाढलं की त्या दाराची कडी वाजवायच्या. मास्तर उठून आत जायचे.

त्या सुटीत कुंदाबाई माहेरी चौलला गेल्या होत्या. मास्तर एकटे. रोज सकाळी ते उल्हासनगरच्या कॅम्पात जात. तिथे लेखूमल नावाचा सिंधी पत्र्याच्या शेडखाली जुनी पुस्तकं विकायला बसे. एकदा मीही बरोबर गेलो. मास्तर पुस्तक उचलायचे, शेवटचं पान वाचायचे, खाली ठेवायचे.

"साईं, इसका आखरी पन्ना फटेला है," लेखूमल एक कादंबरी पुढे करत म्हणाला. "बाकी एकदम अच्छा है."

"मग नको. मला शेवटच पाहिजे."

लेखूमल माझ्याकडे वळला. "दुनिया आगे से पढ़ती है, ये पीछे से. घर में सब ठीक है ना इनके?"

मी हसलो. मास्तर नाही हसले.

परतताना मी विचारलं, "काय सापडलं?"

"सगळ्या बायका शेवटी 'नाथ' म्हणतात आणि पायांवर कोसळतात."

"मीही कोसळायचो. गुडघे त्यातच गेले."

सुटी सरत आली तशी त्यांची दाढी वाढली, जेवण सुटलं. कागदावर ओळ लिहीत, खोडत, पुन्हा तीच ओळ लिहीत. एका दुपारी ते पडवीत माझ्यासमोर येऊन बसले. डोळे खोल गेलेले.

"गुरुदत्तराव, तुम्ही आयुष्यभर बाई होऊन बोललात. एकदा माझ्यासाठी बोला. तिची मुलगी जाऊन वर्ष झालंय. नवरा पाठमोरा बसलाय. मारा हाक."

मी उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला. ते पाठ करून बसले.

"अहो," मी म्हटलं.

"नवी नवरी वाटते."

"ऐकलंत का?"

"शेजारीण."

"इकडे बघता का जरा?"

"ही भाजीवाली झाली, गुरुदत्तराव. जुनीच हाक मारा. नीलूचे बाबा म्हणा." कादंबरीतल्या मुलीचं नाव त्यांनी नीलिमा ठेवलं होतं.

मी डोळे मिटले. वीस वर्षं न वापरलेला आवाज कुठून तरी वर आला. "नीलूचे बाबा," मी म्हटलं, गोड, जरा ओढून.

डोळे उघडले तर पायरीवर कुंदाबाई उभ्या. हातात कोकमांचं गाठोडं. ठरल्याआधीच परतल्या होत्या.

"नीलू कोण?" त्यांनी विचारलं.

मास्तर ताडकन वळले. "गोष्टीतली आहे."

"आणि तिची आई?"

"तीही गोष्टीतलीच."

"तिच्या तोंडी काय घालताय?"

"तेच सापडत नाही. महिना गेला. शेवट नसेल तर पुस्तकही नाही." मास्तरांनी हात जोडले. मी मान खाली घातली. "कुंदा, तूच सांग. ती काय म्हणेल?"

कुंदाबाईंनी गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "मला सापडलं असतं, तर कडी कशाला वाजवली असती?"

त्या आत गेल्या. मास्तर दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन त्यांनी विष्णुपंतांना सांगितलं की कादंबरी येणार नाही. गणिताचं गाईड छापलं गेलं, त्याच्या पुढे तीन आवृत्त्या निघाल्या म्हणे.

श्रावणात एका सकाळी मी पडवीत दात घासत होतो. मास्तर आरशापुढे दाढी करत होते. मागल्या दारातून आवाज आला, "मास्तर, तेवढी घागर उतरवता का?"

मास्तरांचा हात गालावरच थांबला. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे. गवळी, पोस्टमन, शाळेतली पोरं. आता कुंदाबाईही.

"ऐकलंत ना?" ते हळूच म्हणाले.

"ऐकलं. हाच तुमचा शेवट. बसा आणि लिहा. विष्णुपंतांना मी गाठतो."

"परक्या माणसाला मारतात ती हाक आहे."

"पण हाक आहे, मास्तर."

त्यांनी वस्तरा ठेवला. अर्धा गाल फेसाने पांढरा. "आणि लिहिलेलं तिने वाचलं तर? ती हेही बंद करील."

आतून पुन्हा आवाज आला, जरा वैतागून. ते तसेच, तोंडाला फेस घेऊन, धावत आत गेले.