डिकीत राहिलेली माती

प्रयोगशाळेत त्याला सगळे मातीमामा म्हणत. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतातली माती वाळवायची, चाळायची, तिच्यात नत्र किती ते कागदावर लिहायचं आणि संध्याकाळी नखं घासत बसायचं, एवढाच उद्योग. माणूस थकणार नाही तर काय!

कामात मात्र खट. माती आणणाऱ्याला आधी एकच प्रश्न, "पिशवी कुठे ठेवली होती?" ओली माती उबेत राहिली की तिच्यातले जंतू गप्प बसत नाहीत. नत्राचं नायट्रेट करत सुटतात आणि शेतात नाही ते पिशवीत तयार होतं. आकडा फुगतो. पिशवी उन्हात होती म्हणताच मामा ती परत करी. "दुसरी आणा. गार ठेवा, नाहीतर सावलीत पसरून लगेच वाळवा." लोक चडफडत, पण आणत.

आणि याच माणसानं सख्ख्या बहिणीला काही विचारलं नाही! पेरणीआधी ताई स्वतः पिशवी घेऊन आली, तेव्हा टेबलावर चाळीस नमुने तुंबलेले, कंबर धरलेली. घरचीच माती, तिची कसली उलटतपासणी करायची, म्हणून त्यानं ती घेतली. नायट्रेट, म्हणजे पिकाला थेट मिळणारं नत्र, भरपूर निघालं. "युरिया निम्माच टाका," असं लिहून दिलं. भाच्यानं मामाचा शब्द प्रमाण मानला.

भाचा नोकरी सोडून शेतीला लागला होता. ताईनं त्याला एकच हंगाम दिला होता. जमलं तर ठीक, नाहीतर शेत दुसऱ्याला कसायला देणार. आणि महिन्याभरात गहू पिवळा पडला. ताईनं पोराला फैलावर घेतलं.

भाच्यानं मामाला फोन केला. रडगाणं गाता गाता सहज बोलून गेला, "सगळंच बिनसलं बघ यंदा. ती मातीची पिशवीसुद्धा दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिली होती."

मामाला आपली चूक लख्ख दिसली. तेव्हाच म्हणायचं, की बाबा रे, आकडा माझा चुकला, उरलेला युरिया आजच टाक आणि पाणी दे. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. उद्या सांगू, म्हणाला. उद्याचं परवा झालं. अहो, लाज आणि थकवा एकत्र आले की भल्याभल्यांची दातखीळ बसते. मधेच थंडी एकदम वाढली.

पंधराव्या दिवशी ताईचा निरोप आला, "शेत देऊन टाकतेय. आधी एकदा बघून जा."

तो गेला. सवयीनं थर्मामीटर मातीत खुपसला. सहा अंश. माती हातात घेतली तर भुसभुशीत कोरडी. तो गुडघ्यावर हात टेकून कसाबसा उठला.

"ताई, पोराची काही चूक नाही. माती डिकीत तापली होती, मी विचारलं नाही. आकडा खोटा आला."

ताई चक्क हसली. "एवढंच ना? चुकतं रे माणसाचं. मी उगीच याच्यावर खेकसत बसले. आता टाकू या की खत!"

"आता उशीर झाला गं. माती गारठलीय, ओलही नाही. पाणी दिलं तरी अशा गार मातीत जंतूंचं काम फार रेंगाळतं. युरियाचं नायट्रेट होऊन पिकाला मिळेपर्यंत वेळ निघून जाईल."

भाचा पुढे आला. "मामा, हे तुला कधी कळलं?"

"तू डिकीचं बोललास तेव्हा."

"तेव्हा माती किती गरम होती?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "सोळा. प्रयोगशाळेच्या नोंदीत बघितलं होतं. ओलही होती."

ताईचं हसू मावळलं. "शेत कुणाला द्यायचं नाही. पुढच्या वर्षीही तूच पेर," ती मुलाला म्हणाली. मग भावाकडे वळली.

"पंधरा दिवस मी याला नाही नाही ते बोलले. रोज फोनवर तुलाच सांगत होते रे. आणि तू नुसता हूं हूं करत होतास."