साबणाने घासलेल्या बाटल्या

जपानातल्या निगाताच्या प्रयोगशाळेत अकिबा शिहोची सात-आठ वर्षं उंदराच्या मेंदूचे काप जगवण्यात गेली. एक मज्जापेशी रसायन सोडते, शेजारणीच्या दारातून कॅल्शियम आत शिरतं, आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो आणि दोघींचं सूत पक्कं जुळतं. हा आतला निरोप नेमकं कोण नेतं, ते तिला सापडत आलं होतं. मार्चअखेर सिद्ध झालं तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ.

आणि नवं वर्ष लागलं तसे काप मरायला लागले. सकाळी कापावेत, तर दुपारी पेशी फुगून बसलेल्या. तिने क्षार बदलले, पातं बदललं, उंदीर बदलले. मेलं काही म्हणता काही चालेना! कापांना ज्या बाटल्यांतून पाणी मिळतं, त्या नुसत्या विसळायच्या असतात. साबणाचा अंश राहिला की पेशी गेल्याच. डिसेंबरात सगळी प्रयोगशाळा मिळून साफसफाई करते, त्या दिवशी ती तापाने घरी पडली होती. म्हणून बाटल्यांना कुणी हात लावला का, हे तिने एकेकाला विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, म्हणून बाटल्या त्याच राहिल्या.

फेब्रुवारीत प्रमुखांनी, मुनेताका सेन्सेईंनी, तिला बोलावलं. माणूस देवासारखा, पण हयात प्रथिनांत गेलेली. काप कधी केला नव्हता. चहा पुढे सरकवत म्हणाले, "अकिबा-सान, कामात लक्ष लागत नाही का हल्ली? तुम्ही आजारी होतात, तर तुमच्या बाटल्या मी स्वतः घासल्या. काय बुळबुळीत झाल्या होत्या! साबण लावला तेव्हा कुठे लख्ख झाल्या."

शिहोला रडावं की ओरडावं कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. तरी ती बोलली.

"सेन्सेई, त्या साबणानेच काप मेले."

म्हातारबुवांचा चेहरा उतरला. उठून, कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली, तशी तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते म्हणाले, "पण मला का नाही विचारलंत?"

काय सांगणार, कपाळ! सेन्सेई, तुम्ही बाटल्या घासल्यात का, असं कुणी विचारतं का? बरोबरीच्यांना आणि हाताखालच्यांना तिने विचारलं होतं, वर बघायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने एवढंच म्हटलं, नव्या बाटल्या मिळाल्या तर मार्चपर्यंत होईल.

"मागवतो," सेन्सेई मान खाली घालून म्हणाले. "पण तुमच्या जागेवर दुसऱ्याचं नाव मी कालच वर कळवलं."