पदराची चव

काल लातूरच्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला अन् तोंडात पदराची चव उतरली. लेक झाल्यावर अहमदपूरला मला तांबी बसवली, तेव्हा सिस्टर म्हणाली होती, "पदर चाव, ओरडू नको. बाहेर गडीमाणसं बसलीत." मी चावला. ओटीपोटात पीळ पडला, पाठ घामानं टेबलाला चिकटली, जिभेवर खळीची तुरट चव. "लई सोशिक हाय पोरगी," सगळे म्हणाले. तेव्हा ते कौतुक वाटलं, आता शिवी वाटते.

काल तीच लेक तांबी बसवायला टेबलावर होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं दुखेल, सहन कर."

मी तिथून हलले नाही. म्हणाले, "आधी सुन्न करायचं औषध द्या, बाई. लेक ड्रेसवर आलीय. चावायला पदर न्हाई तिला."