आधार मिस्त्रींचं मनगट

नशिराबादला हायवेच्या कडेला आधार सुरवाडे यांचं गॅरेज आहे. वय एकसष्ट. गाडीचा कुठलाही नट किती आवळायचा हे त्यांचं मनगट सांगतं, असं जळगावपासून भुसावळपर्यंतचे ड्रायव्हर म्हणत. त्यांना स्वतःलाही ते खरं वाटे, आणि पस्तीस वर्षं ते खरंच होतं.

ही विद्या त्यांना बोदवडच्या बन्सीलाल मिस्त्रींनी दिली. बन्सीलाल त्यांच्यापुढे भंगारातले बोल्ट टाकत आणि तुटेपर्यंत आवळायला लावत. तुटायच्या जरा आधी बोल्ट हाताला मऊ लागतो. तो मऊपणा एकदा हाताला कळला की त्याच्या अलीकडे थांबायचं. आधारनी महिनाभर नुसते बोल्ट तोडले आणि मग कुठे गाडीला हात लावला.

त्यांची मुलगी मृणाली आयटीआय करून जळगावच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागली. तिथे चाकाचा प्रत्येक नट टॉर्क रेंचने आवळतात. ठरलेला आकडा लावायचा, जोर पुरा झाला की पाना ‘टक्’ वाजतो, तिथे थांबायचं. पहिल्याच वर्षी तिने वडिलांसाठी तसा पाना आणला. आधारनी तो हातात तोलून पाहिला आणि फडताळावर ठेवून दिला.

“ज्याच्या हाताला कळत नाही, त्याच्यासाठी आहे हे,” ते म्हणाले. मृणालीने वाद घातला नाही.

गेल्या दिवाळीनंतर आधारच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. आधी अंगठा, मग शेजारची दोन. सकाळी शर्टाची बटणं लावायला वेळ लागे. बायको कुंदाबाई विचारायची, तर ते म्हणत, थंडी आहे. पुढे थंडी गेली, बोटं तशीच राहिली. काम मात्र चालू होतं. जोर तर खांद्यात असतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मार्चमध्ये शिरपूरकडचा सुकलाल पावरा आला. सातपुड्याच्या पायथ्याची गावं आणि जळगावचा दवाखाना, अशा पेशंटच्या फेऱ्या तो जीपने करी. आदल्या आठवड्यात त्याने आधारकडे चाकं खोलून पुढचे ब्रेक करून घेतले होते. तो गाडीतून उतरला. आधारनी चहा मागवला. गॅरेजमधलं दुसरं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत तो थांबला.

“नाना, राग मानू नका,” तो म्हणाला. “पारोळ्याजवळ चाक हालाले लागनं. उतरी पाह्यं, तर दोन नट ढिल्ला. हाताघाई फिरनात.”

“नुसत्या हाताने? गाडीत कोण होतं?”

“मन्ही वहिनी. बाळंतीण. पोरगं तीन दिनन्हं.”

आधारनी चहाचा कप खाली ठेवला. “कोणाला सांगितलंस?”

“कोनले नही. तुम्हीच सांगा, काय व्हयनं व्हई?”

“माझ्याकडून झालं,” आधार म्हणाले. हे वाक्य आपण इतक्या लवकर कसं बोललो, याचं त्यांना नंतर नवल वाटलं. त्यांनी जीपची चारही चाकं पुन्हा आवळली. या वेळी मनगटापेक्षा अंगाचं वजन जास्त वापरलं.

रविवारी मृणाली घरी आली. आधारनी घरच्या जुन्या व्हॅनच्या पुढच्या दोन्ही चाकांचे नट सैल केले आणि रोजच्यासारखे हाताने आवळले. मग फडताळावरचा पाना काढून तिला दिला.

“बघ,” एवढंच म्हणाले.

तिने आकडा लावला. पहिल्या नटाला पाना जागच्या जागी वाजला. दुसऱ्यालाही. तिसरा नट पाव फेरा फिरला, तेव्हा कुठे ‘टक्’ आलं. आठांपैकी तीन सैल निघाले. शेवटचाही सैल निघेल म्हणून आधार वाट पाहत होते, तो घट्ट निघाला.

“बाबा, हात कधीपासून असा आहे?”

“दिवाळीपासून.”

तिने पाना पुसला. “मग दिवाळीपासूनच्या सगळ्या गाड्या बोलवाव्या लागतील.”

“तेच म्हणतोय.”

मोबाईलमधून गिऱ्हाइकांची नावं काढायला दुपार गेली. चाकं खोललेल्या एकवीस गाड्या निघाल्या. फोन आधारनीच केले. प्रत्येकाला एकच सांगितलं, माझा हात बरा नाही, चाक पुन्हा बघायचं आहे, तोवर गाडी जोरात हाकू नका. काहीजण हसले, मिस्त्री म्हातारे झाले म्हणाले. भाईदास किराणावाले गाडी घेऊन लगेच आले. सारिका वाघ नावाच्या शिक्षिकेने मात्र खडसावलं.

“माझी दोन्ही मुलं रोज त्या गाडीतून जातात. हे तुम्हाला आत्ता आठवतंय?”

“हो ताई. चूक झाली.”

तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी तपासून घेतली. तिच्या गाडीत काय निघालं, ते आधारना कधीच कळलं नाही.

पंधरवड्यात एकोणीस गाड्या झाल्या. प्रत्येक नट आधी सैल करून मग पान्याने आवळायचा, कारण जास्त आवळलेल्या नटालाही पाना ‘टक्’ वाजतोच. चार गाड्यांत सैल नट निघाले. एकीत एक नट इतका आवळला होता की आटेच गेले होते. तो बोल्ट आधारनी बदलून दिला.

राहिली एक गाडी. ती बुऱ्हाणपूरला विकली गेली होती. जुन्या मालकाकडून पत्ता घेऊन आधार एका सकाळी रेल्वेने गेले, पिशवीत पाना आणि त्याला लावायची, नटावर बसणारी गोटी. येण्याचं कारण ऐकून नवा मालक दारात उभा राहून या माणसाकडे बघत राहिला.

“टायर तर मी गेल्याच महिन्यात बदलले,” तो हिंदीत म्हणाला. “चारही चाकं खोलली होती.”

म्हणजे आधारनी आवळलेला एकही नट आता तसा राहिला नव्हता. तरीही त्यांनी विचारलं, बघू का? मालकाने होकारार्थी मान हलवली. भर उन्हात बसून त्यांनी सोळाही नट आवळले. मालकाच्या बायकोने पाणी दिलं. दुपारच्या गाडीने ते परत निघाले आणि भुसावळला उतरून आधी डॉक्टरकडे गेले.