काचेवरचं चितेंजे

एनेलेसी नर्सचा आवाज असा, की बाळंतिणी तिला वचकून असत आणि डॉक्टरही तिच्या वाटेला जात नसत. मलावीतल्या त्या जिल्हा रुग्णालयात एकोणीस वर्षं ती अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळत होती. विजेवर ऊब देणाऱ्या काचपेट्या तीन आणि बाळं सात, म्हणजे एकेकीत दोन-तीन कोंबलेली. बायकांशी भांडणाचं कारण मात्र रोज एकच: त्यांनी काचेवर पांघरलेलं कापड.

फालेसी आजीनंही कमरेला गुंडाळलेलं कापड, आपलं चितेंजे, सोडून नातीच्या पेटीवर घातलं. नात अकराशे ग्रॅमची, पोट चिरून काढलेली. आई शेजारच्या खोलीत तापानं फणफणलेली. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईची नजर कोवळ्या बाळाला बाधते, हे आजीच्या गावात शेंबडं पोरही सांगेल.

"काढा ते! पोर निळी पडली तर मला कळणार कसं?"

"रात्री नवऱ्याजवळ निजायचं आणि सकाळी इथं येऊन टक लावून बघायचं! जरा तरी लाज बाळग!"

एनेलेसीनं कापड ओढून आजीच्या हातात कोंबलं. तिची पाठ फिरायचा अवकाश, ते परत काचेवर. तीन दिवस हेच चाललं.

चौथ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. जनरेटरमध्ये नेहमीप्रमाणे डिझेल नव्हतं. सहा बाळं आपापल्या आयांच्या उघड्या छातीला बांधून झाली. उरली आजीची नात. तिच्या आईला तर उठूनही बसवेना. एवढीशी बाळं तासाभरात गार पडताना एनेलेसीनं पाहिली होती.

"आजी, आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"अकरा. तुला काय करायचंय?"

"मग तुमच्याइतकं निर्धोक माणूस या वॉर्डात दुसरं नाही. ब्लाउज काढा."

"या वाळक्या छातीशी धरू तिला?"

"दूध कोण मागतंय? ऊब द्या."

आजीनं ब्लाउजची बटणं सोडली. एनेलेसीनं नात तिच्या छातीला टेकवली आणि त्याच चितेंजेनं घट्ट बांधली.

वीज काही लवकर आली नाही. दर अर्ध्या तासाला बाळं तपासत एनेलेसी फिरत होती. आजीजवळ आली की मात्र दोन पावलं लांबच थांबायची. आधीच घाबरलेल्या म्हातारीला आपल्या नजरेनं आणखी कुठं बिथरवा!

तिसऱ्या फेरीला आजीनंच कापड खाली सारून नातीचं तोंड उघडं केलं.

"लांबून काय बघतेस? जवळ ये. माझ्या डोळ्यांना धड दिसत नाही. ओठ कसे आहेत तिचे?"

एनेलेसी वाकली आणि तिनं डोळे भरून पाहून घेतलं.

"गुलाबी आहेत, आजी."

"पुन्हा बघ."